वाळवंटाच्या उंबरठ्यावरचे इनामगाव

काही वर्षांपूर्वी शिरूर भागात शिक्षकांच्या एका शिबिरात 'हवामानाचे विभाग' या विषयावर मी बोलत होतो. उष्ण वाळवंट म्हणजे जैसलमेर, शीत वाळवंट म्हणजे लडाख, असे फळ्यावर लिहून झाले. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका गुरुजींनी विचारले, "सर, लेहला वाळवंट म्हणायचे, तर तिथे वाळू फारशी नाही. आमच्या घोडनदीला आणि भीमेला वाळूच वाळू. मग आम्ही वाळवंटात का नाही?"

सगळे हसले; पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मुळात आपल्या भाषेत 'वाळवंट' म्हणजे नदीकाठचा वाळूचा पट्टा. दौंडवरून जाणारी भीमा पुढे पंढरपूरला चंद्रभागा होते आणि तिचे वाळवंट वारकऱ्यांच्या पायाखालचे असते. ओसाड, निर्जल मुलखाला याच शब्दाने ओळखायला आपण नंतर लागलो, आणि त्याबरोबर वाळूचे चित्रही डोक्यात बसले. लडाखमध्ये नुब्रा खोऱ्यात हुंदरजवळ वाळूच्या टेकड्या आहेत, पण बाकीचा बहुतेक मुलूख दगडगोटे, मुरूम आणि उघडे डोंगर असाच आहे. म्हणजे वाळवंटाची खूण वाळू नव्हे. उष्णता तर नव्हेच. लेहमध्ये जानेवारीत रात्रीचे तापमान शून्याखाली दहा-पंधरा अंश जाते. मग खूण कोणती?

उत्तर शोधताना आपण शिरूर तालुका सोडायचा नाही, असे मी ठरवले. कारण याच तालुक्यात घोडनदीच्या काठी एक असे गाव होते, की ज्याच्या शेवटाबद्दल शास्त्रज्ञ आजही वाद घालतात. पाऊस आटला म्हणून ते उठले, की दुसऱ्या कशाने, हा तो वाद. गावाचे नाव इनामगाव.

पांढरीच्या टेकाडाखाली

पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात इनामगावला उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यांतली प्रमुख नावे. एवढा दीर्घकाळ एकाच खेडेगावाचे उत्खनन आपल्याकडे क्वचितच झाले असेल. राजवाडे, किल्ले, देवळे यांचा शोध घ्यायचा नव्हता. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा शेतकरी कसा राहत होता, काय खात होता, मुलांना कुठे पुरत होता, हे पाहायचे होते.

ताम्रपाषाणयुगातली ही वस्ती तीन टप्प्यांत राहिली. पहिला टप्पा माळवा संस्कृतीचा, अंदाजे इ.स.पू. १६०० ते १४००. दुसरा पूर्व-जोर्वे, १४०० ते १०००. तिसरा उत्तर-जोर्वे, १००० ते ७००. एकंदर नऊशे वर्षे.

दुसऱ्या टप्प्यातले गाव भरलेले दिसते. मोठी चौकोनी घरे, बुटक्या मातीच्या भिंती, वर कुडाची बांधणी. पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि शेजारी धान्याचे कोठार. ते गावाच्या प्रमुखाचे असावे, असे उत्खननकर्त्यांनी म्हटले. नदीच्या पुराचे पाणी वळवून नेणारा एक पाट आणि त्याच्या कडेचा बांधही सापडला. मुख्य पीक होते जव. त्याच्या जोडीला गहू, मसूर, वाटाणा, हुलगा अशी धान्ये होती.

तिसऱ्या टप्प्यात चित्र पालटते. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. गव्हाचे प्रमाण घटते, शिकारीच्या जनावरांची हाडे वाढतात. भांड्यांची घडण ओबडधोबड होते. गोदावरीच्या खोऱ्यातली नेवासे, दायमाबाद ही समकालीन गावे तर इ.स.पू. १०००च्या सुमारासच ओस पडली होती. भीमेच्या खोऱ्यातले इनामगाव आणखी तीन शतके कसेबसे टिकले आणि मग तेही उठले.

ढवळीकरांनी याचा अर्थ असा लावला: इ.स.पू. १०००च्या आसपास हवामान अधिक कोरडे झाले, शेती परवडेना, लोक शेळ्यामेंढ्या आणि शिकारीकडे वळले आणि अर्धभटके झाले. हे स्पष्टीकरण इतके सरळ आणि आपल्या अनुभवाला पटणारे होते, की अनेक वर्षे ते जवळजवळ निर्विवाद मानले गेले. शिरूर-दौंडच्या माणसाला पाऊस हुकल्यावर गाव कसे उठते, हे सांगावे लागत नाही.

पण शास्त्रात 'पटते' एवढ्यावर भागत नाही. हवामान कोरडे झाले म्हणजे किती कोरडे? त्यासाठी मोजपट्टी हवी.

कोपेन यांची मोजपट्टी

ती मोजपट्टी एका वनस्पतिप्रेमी हवामानशास्त्रज्ञाने दिली. व्लादिमीर कोपेन यांचा जन्म १८४६ साली सेंट पीटर्सबर्गचा. त्यांनी आयुष्याचा मोठा काळ हॅम्बुर्गच्या नौकानयन वेधशाळेत काढला. भूखंड सरकतात असे सांगणारे आल्फ्रेड वेगेनर हे त्यांचे जावई. कोपेन यांच्या वेळी पर्जन्यमापक जगात सगळीकडे नव्हते, पण झाडे सगळीकडे होती. झाड हेच हवामान मोजण्याचे उपकरण मानून त्यांनी १९०० आणि १९१८ साली जगाचे हवामान विभाग आखले आणि १९४० साली मृत्यू येईपर्यंत त्यांत सुधारणा करीत राहिले.

त्यांनी ओळखले, की नुसता पाऊस मोजून चालत नाही. पाऊस ही जमा. बाष्पीभवन हा खर्च. जिथे उष्णता जास्त, तिथे खर्च जास्त. पाऊस उन्हाळ्याच्या सहामाहीत पडला तर तो लगेच उडून जातो, म्हणून खर्च आणखी धरायचा. हिवाळ्यात पडला तर कमी.

आज वापरात असलेल्या रूपात त्यांचा हिशेब असा आहे. वर्षाचे सरासरी तापमान अंश सेल्सिअसमध्ये घ्या आणि त्याला २० ने गुणा. सत्तर टक्के किंवा अधिक पाऊस उन्हाळी सहामाहीत, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबरमध्ये, पडत असेल तर त्यात २८० मिळवा. पाऊस दोन्ही सहामाहींत विभागलेला असेल तर १४० मिळवा. बहुतेक पाऊस हिवाळी असेल तर काहीच मिळवू नका. येणारी संख्या ही मिलिमीटरमधली सीमा. पाऊस सीमेच्या निम्म्याहून कमी असेल तर ते वाळवंट. निम्म्याहून जास्त पण सीमेहून कमी असेल तर निमशुष्क प्रदेश. आणि वर्षाचे सरासरी तापमान १८ अंशांच्या वर असेल तर उष्ण, खाली असेल तर शीत. संपली मोजपट्टी. आठवीच्या मुलांना हा हिशेब सहज जमतो.

करून पाहू. जैसलमेरचे सरासरी तापमान सुमारे २७ अंश, पाऊस सुमारे २०० मि.मी. आणि तोही पावसाळ्यातला. २० गुणिले २७ अधिक २८० बरोबर ८२०. निम्मे ४१०. दोनशे हे चारशेदहाच्या खूप खाली. म्हणून उष्ण वाळवंट.

लेहचे सरासरी तापमान सुमारे ६ अंश, पाऊस आणि बर्फ मिळून सुमारे १०० मि.मी., वर्षभर विखुरलेला. २० गुणिले ६ अधिक १४० बरोबर २६०. निम्मे १३०. शंभर हे एकशेतीसच्या खाली. म्हणून शीत वाळवंट.

आता एक गंमत पाहा. जैसलमेरला लेहच्या दुप्पट पाऊस पडतो, तरी जैसलमेरची जमा तिथल्या सीमेच्या चौथ्या हिश्शाएवढीच आहे, आणि लेहची एकतृतीयांशाहून अधिक. म्हणजे जास्त पाऊस पडणारे गाव जास्त कोरडे! 'वाळवंट म्हणजे २५० मि.मी.पेक्षा कमी पाऊस' ही पाठ्यपुस्तकी व्याख्या सोयीची आहे, पण हा फरक ती दाखवीत नाही.

आणि आपण? शिरूर-दौंडच्या पट्ट्यात सरासरी तापमान २५ अंशांच्या आसपास, पाऊस सुमारे ५०० मि.मी. २० गुणिले २५ अधिक २८० बरोबर ७८०. निम्मे ३९०. पाचशे हे या दोहोंच्या मधले. आपण उष्ण निमशुष्क प्रदेशात राहतो. गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर हे: आपण वाळवंटात नाही, उंबरठ्यावर आहोत, आणि मध्ये अंतर आहे ते फक्त शंभर-सव्वाशे मिलिमीटरचे.

तीन कोरडे मुलूख, तीन कारणे

हा कोरडेपणा येतो कुठून? तिन्ही ठिकाणची कारणे वेगळी आहेत.

जैसलमेरजवळ समुद्र फार लांब नाही आणि आडवा डोंगरही नाही. पण कर्कवृत्ताच्या आसपासच्या पट्ट्यात वरची हवा खाली उतरत असते. उतरणारी हवा दाबली जाते, तापते आणि कोरडी होते. मान्सूनचा ओलसर थर तिथे पोचतो तोही पातळ होऊन, आणि त्याच्या डोक्यावर पश्चिमेकडून आलेली कोरडी, ऊबदार हवा झाकणासारखी बसलेली असते. ढग उंच वाढत नाहीत.

लेहची गोष्ट डोंगराची. मान्सूनचे वारे हिमालय चढताना पाणी सांडून टाकतात. पलीकडे उतरते ती रिकामी हवा. साडेतीन हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशाएवढाच. अशी विरळ, कोरडी हवा ऊन अडवीत नाही आणि रात्री जमिनीची ऊब धरूनही ठेवीत नाही. म्हणून उन्हात चटका आणि सावलीत हुडहुडी.

आपली गोष्टही डोंगराचीच. लोणावळ्याला वर्षाला ४००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो, पुण्यात सातशेच्या आसपास, शिरूर-दौंडला पाचशे. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या प्रवासात आठ भागांतला एक भाग उरतो. सह्याद्रीची ही पर्जन्यछाया. म्हणजे कोरडेपणाच्या कारणाने आपण लेहचे भाऊबंद आहोत, आणि उन्हाच्या मानाने जैसलमेरचे.

हे लक्षात घेतले की तिन्ही ठिकाणच्या शेतीतले साम्य दिसू लागते. तिन्ही ठिकाणी माणूस दुसरीकडे पडलेल्या पाण्यावर जगतो. लेहमध्ये ते पाणी हिवाळ्यात डोंगरावर बर्फ होऊन साठते आणि उन्हाळ्यात ओढ्यांतून उतरते. पेरणीच्या वेळी, वसंतात, ते पुरेसे उतरत नाही, ही तिथली अडचण. म्हणूनच चेवांग नोर्फेल यांनी १९८७ पासून गावाजवळ कृत्रिम हिमनद्या गोठवल्या आणि २०१३-१४ पासून सोनम वांगचुक यांचे बर्फाचे स्तूप उभे राहू लागले. जैसलमेरच्या मुलखात पालीवाल ब्राह्मणांनी 'खडीन' बांधले: खडकाळ माळावरून वाहून येणारे पाणी बांध घालून सखल शेतात मुरवायचे आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यायचा.

इनामगावने काय केले? घोडनदी उगम पावते सह्याद्रीत, भीमाशंकरच्या उत्तरेला. गावावर पाऊस पडो न पडो, सह्याद्रीत पडला की नदीला पूर येणारच. तो पूर पाटाने वळवायचा, काळ्या जमिनीत ओल धरायची आणि थंडीत जव पेरायचा. लेहचेही मुख्य पीक आजवर जवच राहिले आहे. लेहमध्ये तो उन्हाळ्यात येतो, इनामगावला हिवाळ्यात येत होता. आणि शिरूरचा डिसेंबर व लेहचा जुलै यांची सरासरी तापमाने एकमेकांपासून फार दूर नाहीत. थोड्या ओलीवर, थंड दिवसांत पिकणारे धान्य दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी बरोबर हेरले होते.

दोष एकट्या पावसाचा होता का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. इ.स.पू. १०००ला हवामान खरोखर बदलले का?

इनामगावचे उत्खनन झाले तेव्हा जुन्या पावसाचा थेट पुरावा फार थोडा होता. आज तो आहे. गोदावरी समुद्रात जो गाळ नेऊन टाकते, त्यात तिच्या खोऱ्यातल्या झाडाझुडपांचे अवशेष थरांनी साठलेले असतात. त्यावरचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार कोरड्या हवेत टिकणाऱ्या वनस्पती सुमारे ४००० वर्षांपूर्वीपासून हळूहळू वाढू लागल्या आणि सुमारे १७०० वर्षांपूर्वीपर्यंत वाढत गेल्या. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या गाळाच्या अभ्यासांतूनही मान्सून क्षीण होण्याची सुरुवात चार हजार वर्षांपूर्वी किंवा त्याही आधी झाल्याचे दिसते.

याचा अर्थ काय? इनामगाव वसले ते ३६०० वर्षांपूर्वी. म्हणजे ओला सुकाळ पाहून वसलेले हे गाव नव्हते. कोरडे होऊ लागलेल्या मुलखातच त्याचा पाया पडला, आणि त्याच मुलखात ते नऊशे वर्षे नांदले. मग केवळ 'कोरडे झाले म्हणून संपले' असे म्हणता येत नाही.

दुसरा पुरावा मुलांच्या हाडांचा आहे. इनामगावची माणसे आपली दगावलेली मुले घराच्या जमिनीखाली, दोन रांजण तोंडाला तोंड लावून, त्यांत पुरत असत. त्यामुळे ती हाडे चांगली टिकली. ग्वेन रॉबिन्स शुग या संशोधिकेने त्यांचा अभ्यास करून २०११ साली पुस्तक लिहिले. उत्तर-जोर्वे काळात मुलांची वाढ खुंटलेली, शरीरे कृश दिसतात. म्हणजे गावावर हाल आले होते, यात शंका नाही. पण त्या हालांचे मूळ अचानक आलेल्या अवर्षणात आहे, हे त्यांना मान्य नाही. हवामान आधीपासून निमशुष्कच होते. त्या काठावरच्या जमिनीवर माणसांनी टाकलेला भार आणि त्यातून खालावलेली शेती यांकडे त्या बोट दाखवतात.

ढवळीकरांचे म्हणणे यामुळे पूर्ण फोल ठरले, असे मी म्हणणार नाही. त्यांनी दाखवलेली गोल झोपड्या, हाडे आणि धान्ये यांची साक्ष खरीच आहे. बदलले ते त्यामागच्या कारणांचे वजन. उंबरठ्यावरच्या गावाला पडण्यासाठी मोठा धक्का लागत नाही. आणि धक्का आभाळातूनच यावा असेही नाही.

याच मातीतले अलीकडचे उदाहरण घ्या. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली आणि हे दंगे आसपासच्या तालुक्यांत पसरले. आजचा दौंड तालुका तेव्हा भीमथडीतच मोडत होता. पुष्कळांना वाटते, की दुष्काळ पडला म्हणून दंगे झाले. पण सनावळी पाहा: पाऊस हुकला तो १८७६ साली, दंग्यांच्या पुढच्या वर्षी. वाढलेला सारा, अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर उतरलेले कापसाचे भाव आणि सावकाराचे कर्ज यांनी शेतकरी आधीच कडेला आला होता. म्हणून १८७६-७८चा दुष्काळ इतका जीवघेणा ठरला. उलट १९७२चा दुष्काळही भयंकर होता, पण त्या वेळी सरकारी कामांवर लाखो माणसांना मजुरी मिळाली आणि त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. दोन्ही वेळा पाऊस हुकला. परिणाम सारखे झाले नाहीत.

आजचा पाट

आज शिरूर-दौंडमध्ये फिरले तर कोपेन यांचा हिशेब खोटा वाटावा इतके हिरवे दिसते. उसाचे फड आहेत, साखर कारखाने आहेत. पण आपली जमा वाढलेली नाही. पाऊस तोच, पाचशेच्या आसपास. आणि उसाला लागणारे पाणी दोन हजार मि.मी. किंवा त्याहूनही जास्त. मधली तूट भरून निघते ती घोड, चासकमान, खडकवासला अशा धरणांच्या कालव्यांनी आणि जमिनीतून उपसलेल्या पाण्याने. कालव्याचे पाणी मुख्यतः सह्याद्रीतले. इनामगावच्या पाटाचेच हे मोठे रूप. फरक एवढाच, की त्यांनी परक्या पाण्यावर जव पेरला, आपण ऊस लावला.

शिक्षकांना एक सुचवतो. तहसील कार्यालयात पावसाच्या नोंदी असतात. आपल्या तालुक्याचा मिळेल तितक्या वर्षांचा पाऊस मुलांना आलेखकागदावर मांडायला सांगा. मग ७८० आणि ३९० वर दोन आडव्या रेघा मारायला सांगा. कोपेन यांची सीमा दीर्घकालीन सरासरीसाठी आहे, एकेका वर्षासाठी नव्हे, हे मुलांना आवर्जून सांगा. तरीही खालच्या रेघेखाली गेलेली वर्षे त्यांना मोजू द्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या वर्षांबद्दल विचारायला सांगा: तेव्हा विहिरीला पाणी होते का, शेतात काय पीक होते, जनावरे कुठे नेली.

त्या शिबिरात आम्ही हाच हिशेब फळ्यावर मांडला होता. शेवटी मागच्या बाकावरचे तेच गुरुजी म्हणाले, "सर, म्हणजे काही वर्षी आम्ही जैसलमेरला जाऊन येतो, फक्त गाव सोडावे लागत नाही." या वेळी कोणी हसले नाही.